सारायेव्हो : बसायला शिकवणारी राजधानी

युरोपच्या सहलीचे जाहिरातपत्रक वाचतानाच दम लागतो. दहा दिवसांत सात देश. रोज पहाटे बॅगा बांधायच्या, बसमध्ये चढायचे, उतरून फोटो काढायचे, पुन्हा बस. नमाज कुठे पढायची, ताटात काय वाढले आहे हे कुणाला विचारायचे, गुडघे दुखणाऱ्या अम्मींना कुठे टेकू द्यायचे, असले प्रश्न त्या रंगीत पत्रकात नसतात. मुलांची लग्ने उरकल्यावर, हज-उमरा झाल्यावर, वर्षानुवर्षे बाजूला टाकलेल्या पैशातून एखादे कुटुंब असा प्रवास करते आणि परत आल्यावर सांगते, "बघितले सगळे, पण बसलो कुठेच नाही."

अशा कुटुंबांना मी पॅरिस-रोमच्या आधी सारायेव्हो सुचवते. बॉस्निया-हर्झेगोविना या छोट्या देशाची ही राजधानी. चारी बाजूंनी डोंगर, मधून वाहणारी मिल्यात्स्का नावाची उथळ नदी, आणि तिच्या काठाने लांबट पसरलेले पावणेतीन लाख वस्तीचे शहर. आपल्या हिशेबाने एखाद्या जिल्ह्याचे गाव. बाल्कनच्या सहलींत त्याच्या वाट्याला बहुधा एकच मुक्काम येतो. पूल, मशीद, बाजार, युद्धातला बोगदा, आणि दुसऱ्या दिवशी पुढे. माझ्या मते ही चूक आहे. या शहराला चार दिवस तरी द्यावेत आणि त्यातले निम्मे मोकळे ठेवावेत, कारण इथली पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे इथली माणसे वेळ कसा घालवतात ती.

तिथे एक शब्द सतत कानावर पडतो, 'चेइफ'. आपला 'कैफ'च तो. आपल्याकडे तो नशेकडे झुकला. तिकडे त्याचा अर्थ आहे आपल्या मनासारखे, आपल्या गतीने काही करण्याचा आनंद. एखादा गृहस्थ रोज एकाच बाकावर बसून कबुतरांना दाणे टाकतो. का? त्याचा चेइफ. यापुढे कुणी विचारत नाही. असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. दुकानाला 'दुचान', मोहल्ल्याला 'महाला', घड्याळाला 'सहात', सवाबला 'सेवाप', मनारावरच्या दिव्याला 'कंदिल्य'. उस्मानी तुर्कांबरोबर अरबी-फारसी शब्द तिकडे गेले, तसेच ते दख्खनमध्येही आले. भाषा मात्र स्लाव्ह कुळातली, रशियनच्या नात्यातली. एक शब्द समजतो आणि पुढचे दहा डोक्यावरून जातात. तरी निरोप घेताना कुणी 'अल्लाहीमानेत' म्हणाले की अर्थ विचारावा लागत नाही.

एका कॉफीला किती वेळ लागतो?

जुन्या बाजाराचे नाव बाश्चार्शिया. ठेंगण्या लाकडी दुकानांच्या अरुंद गल्ल्या, पायाखाली गुळगुळीत झालेले दगड. (अम्मींना घट्ट तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत.) बाजाराच्या चौकात एक लाकडी, जाळीदार, घुमटाचे कारंजे आहे. त्याला 'सेबिल्य' म्हणतात. मोहरममध्ये आपल्या मोहल्ल्यात सबील लागते, तीच ही सबील. पहिली १७५३ मध्ये बांधली गेली, आजची १८९१ ची. बाजूला नळाला गार पाणी आहे. सेबिल्यचे पाणी प्यालेला माणूस सारायेव्होला परत येतो, असे तिथले लोक म्हणतात. मुलांना बाटल्या भरू द्याव्यात. तुम्ही बाजूला बसावे आणि कॉफी मागवावी.

ही बॉस्नियन कॉफी, तुर्की नव्हे. तुर्की म्हटलेले दुकानदाराला आवडत नाही. तांब्याच्या गोल थाळीत लांब दांड्याचे छोटे तांब्याचे भांडे येते, त्याला 'जेझ्वा' म्हणतात. शेजारी कान नसलेली वाटीसारखी चिमुकली पेली, म्हणजे 'फिल्जान'. साखरेचे खडे, पाण्याचा पेला आणि 'राहत लोकुम' नावाची मऊ मिठाई. तुर्की पद्धतीत पाणी, पूड आणि साखर एकत्र उकळतात. इथे बारीक पूड कोरड्या जेझ्वात घालून ती जराशी तापवतात, वरून उकळते पाणी ओततात आणि फेस चढू देतात. साखर आत पडतच नाही. खडा कॉफीत टोकाने बुडवायचा, कुरतडायचा आणि वर एक घोट घ्यायचा. आपल्याकडचे जुने लोक गुळाच्या खड्याबरोबर चहा घेत, त्यांना हे शिकवावे लागणार नाही.

फिल्जानमध्ये जेमतेम चार घोट मावतात. जेझ्वात अशा दोन-तीन पेल्या असतात. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे, थोडी ओतायची, बोलायचे, पुन्हा ओतायची. एक तास सहज जातो, आणि बिल घेऊन कुणी डोक्याशी उभे राहत नाही. घरगुती कॉफीची तर नावेही वेगळी आहेत. पाहुणा आल्या आल्या देतात ती 'दोचेकुशा', म्हणजे स्वागताची. मग 'राझगोवोरुशा', गप्पांची. आणि पाहुणा उठायचे नाव घेत नसला की शेवटी येते ती 'सिक्तेरुशा', म्हणजे आता चला म्हणणारी. आपल्याकडे हे काम यजमानाच्या जांभया करतात. त्यापेक्षा ही रीत जास्त सभ्य वाटते.

कॉफीसाठी जागा निवडायची तर मोरिचा हान. हान म्हणजे काफिल्यांची सराई. मधल्या चौकोनी अंगणाभोवती दुमजली लाकडी ओवऱ्या. तीनशे मुसाफिर आणि सत्तर घोडे मावतील एवढी ही सराई होती, असे सांगतात. आता खाली कॉफी आणि गालिच्यांचे दुकान आहे. दुपारी उन्हाची तिरीप अंगणात येते तेव्हा इथे बसावे.

मगरिबला बारा वाजवणारे घड्याळ

हा हान ज्याच्या वक्फाचा, त्या गाझी हुसरेव-बेगने हे शहर घडवले म्हटले तरी चालेल. सुलतान बायझीद दुसरा याच्या मुलीचा हा मुलगा बॉस्नियाचा सुभेदार होता. १५३० च्या सुमारास त्याने बांधलेली मशीद आजही शहराची मुख्य मशीद आहे. पण मला मशिदीइतकेच कुतूहल तिच्या आजूबाजूच्या गोष्टींचे वाटले. मदरसा, कुतुबखाना, हमाम, झाकलेला बाजार, गरिबांना आणि प्रवाशांना जेवण देणारा इमारत, प्रवाशाला राहायला मुसाफिरखाना, अगदी सार्वजनिक शौचालयसुद्धा. दुकानांचे भाडे यायचे आणि त्यातून हे सगळे चालायचे. औरंगाबादची पाणचक्की किंवा मुंबईचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना पाहिलेल्यांना ही कल्पना नवी नाही. मात्र एक अख्खे शहर त्यावर उभे राहिलेले इथे दिसते. शौचालयाचा उल्लेख गमतीचा वाटेल, पण युरोपात फिरणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला पाण्याची सोय असलेली जागा सापडणे ही काय चीज आहे, हे फिरलेल्यांनाच कळेल.

मशिदीच्या अंगणात मोठे झाड आणि वजूसाठी कारंजे आहे. नमाजच्या वेळांव्यतिरिक्त पर्यटकांना तिकीट असते, पण नमाजला जाणाऱ्याला तिकीट कसले? बायकांनी बिचकू नये. बॉस्नियात बायका मशिदीत नमाजला जातात, त्यांच्यासाठी जागा असते, आणि ती कुठे आहे हे विचारले तर कुणी चमकून पाहत नाही. आपल्याकडे प्रवासात नमाज म्हणजे पुरुष आत आणि आम्ही बाहेर गाडीत, हे ज्या बहिणींना सवयीचे झाले आहे, त्यांना इथे जोहरची जमात मिळणे हीच मोठी गोष्ट आहे. माझ्यासाठी तरी होती. त्या दिवसाचे बाकी सगळे पाहणे त्यापुढे फिके पडले.

मशिदीशेजारी दगडी घड्याळमनोरा आहे. त्यावरचे घड्याळ पाहून बहुतेक प्रवासी म्हणतात, बंद पडलेले दिसते. ते बंद नाही. ते चांद्र वेळ दाखवते, म्हणजे सूर्य मावळला की त्यात बारा वाजतात आणि नवा दिवस सुरू होतो. सूर्यास्त रोज थोडा पुढे-मागे सरकतो, म्हणून काटेही पुन्हा पुन्हा जुळवावे लागतात. हे काम करणाऱ्याला 'मुवेकित' म्हणतात. वेळेचे गणित बसवण्यासाठी मशिदीच्या अंगणातच १८५९ मध्ये मुवक्कितखाना बांधला गेला. यंत्र १९व्या शतकात लंडनहून आणले, पण चालवले आपल्या हिशेबाने! मुलांना एक काम द्यावे: फोनमध्ये मगरिबची वेळ पाहायची, मनोऱ्याखाली उभे राहायचे आणि काटे जुळतात का ते बघायचे. इतक्यात अजान होते.

रस्त्यापलीकडे मदरसा. १५३७ च्या त्याच्या वक्फनाम्यात लिहिले आहे की बांधकामातून उरलेल्या पैशातून चांगली पुस्तके घ्यावीत. त्या एका वाक्यातून गाझी हुसरेव-बेग कुतुबखाना सुरू झाला. आज त्यात दहा हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. १२व्या शतकात नकललेला, इमाम गझालींच्या 'इह्या उलूमुद्दीन'चा एक भागही त्यात आहे. नवी इमारत २०१४ ची. तळघरात छोटेसे संग्रहालय आहे, तासाभरात पाहून होते.

ही हस्तलिखिते आज आहेत, याचे कारण पुस्तकांवर जीव टाकणारी माणसे. १९९० च्या दशकातल्या वेढ्यात कुतुबखान्याचे कर्मचारी ती केळ्यांच्या खोक्यांत भरून, गोळीबारातून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहिले. शहरातल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटला तेवढा वेळ मिळाला नाही. मे १९९२ मध्ये ती जळाली आणि पाच हजारांवर हस्तलिखितांची राख झाली. ऑगस्टमध्ये नदीकाठची व्हियेच्नित्सा पेटली. १८९६ मध्ये नगरभवन म्हणून उघडलेली ही इमारत तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालय होती. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची, अंदलुसी कमानींची ही इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. आत जाऊन रंगीत काचांच्या छताखाली बसावे. समोर नदीपलीकडे 'इनात कुचा', म्हणजे हट्टाचे घर आहे. नगरभवनासाठी जागा हवी होती, घरमालक हटेना. शेवटी थैलीभर सोने घेऊन तो राजी झाला, पण घर विटेविटेने उचलून समोरच्या काठावर जसेच्या तसे बांधून द्या या अटीवर, अशी कथा आहे. आता तिथे खानावळ चालते.

१४२५ दिवस

वेढ्याचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १४२५ दिवस, आसपासच्या डोंगरांवरून बॉस्नियन सर्ब फौजांनी या शहरावर तोफा आणि बंदुका रोखून धरल्या होत्या. २०१२ मध्ये वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या गेल्या, मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. त्यात लहान मुलांसाठी छोट्या खुर्च्या होत्या.

वीज नव्हती, गॅस नव्हता, नळाला पाणी नव्हते. पाण्याचे कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर गोळे पडले. नेमबाजांच्या भीतीने जनाजे रात्री निघत. कॉफी तर सोन्याच्या मोलाची झाली होती, मग मसूर भाजून त्याची पूड जेझ्वात पडू लागली. पण जेझ्वा चुलीवर चढत राहिला. बाजारपेठेतून चालणे, नळाचे पाणी पिणे, बाकावर बसणे, ज्या गोष्टी आपण तिथे निवांतपणे करायला जातो, त्या करताना इथल्या माणसांचे जीव गेले आहेत. मार्काले हा भाजीबाजार आजही भरतो. तिथे ५ फेब्रुवारी १९९४ ला एका गोळ्याने ६८ माणसे मारली. मागच्या भिंतीवर त्यांची नावे आहेत आणि समोर टोमॅटो, चेरी, मध विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. त्यांच्याकडून चेरी विकत घ्याव्यात. नुसता फोटो काढून निघू नये.

फुटपाथवर कुठे कुठे लाल राळेने भरलेले खड्डे दिसतात. फुलासारखा आकार म्हणून त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. तोफगोळ्यांनी माणसे मेली त्या जागा. मुले त्यावर पाय देतील, त्यांना आधीच सांगून ठेवावे.

विमानतळाजवळचा बोगदा अर्धा दिवस मागतो, आणि तो पाहावाच. १९९३ मध्ये धावपट्टीखालून हाताने खणलेला हा सुमारे ८०० मीटरचा बोगदा. त्यातून पीठ, औषधे, जखमी माणसे, शेळ्या, सगळे ये-जा करत असे. आता त्याचा लहानसा तुकडा पाहता येतो, कंबरेत वाकून. अम्मींनी बाहेर अंगणात बसावे. कॅथेड्रलजवळ स्रेब्रेनित्साच्या कत्तलीवरचे एक दालन आहे. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊ नये असे माझे मत आहे.

एक विनंती. कॉफी देणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला आपणहून विचारू नये, "तुमचे कोण गेले?" पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाकडे उत्तर आहे, पण तो सुट्टीवर आलेल्या पाहुण्याचा प्रश्न नव्हे. सांगायचे असेल तर तो सांगेल, आणि तेव्हा घड्याळ पाहू नये. दुसरे असे की ही गोष्ट 'आपण विरुद्ध ते' एवढीच समजून परतू नये. वेढ्यात मुस्लिमांबरोबर सर्ब, क्रोएट, ज्यू शेजारीही अडकले होते. शहर वाचवणाऱ्या फौजेच्या वरिष्ठांमध्ये योव्हान दिव्याक हा सर्ब सेनानी होता. आणि राष्ट्रीय संग्रहालयात 'सारायेव्हो हग्गादा' नावाचा १४व्या शतकातला, स्पेनमध्ये चितारलेला ज्यूंचा ग्रंथ आहे. १९४२ मध्ये नाझी अधिकारी तो घ्यायला आले, तेव्हा तो लपवून वाचवला तिथल्या मुस्लिम ग्रंथपालाने, देर्विश कोर्कुतने. जुने सिनेगॉग, जुने ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथेड्रल आणि गाझी हुसरेव-बेगची मशीद ही चारही पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात येतात. कार्यक्रम म्हणून नव्हे, बाजार फिरता फिरता पाहून होतात.

संध्याकाळी फेरहादिया या वाहनबंद रस्त्यावर सगळे शहर फिरायला उतरते. कामाशिवाय. बाबागाड्या, आजोबा, आइस्क्रीम खाणाऱ्या मुली, हिजाबवाल्या आणि बिनहिजाबच्या हातात हात घालून. एका टोकाला बाश्चार्शिया, दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियन काळातल्या उंच इमारती. गेल्या पिढीला हाच रस्ता वाकून, पळत ओलांडावा लागत होता. आपणही त्यांच्या चालीने चालावे, एवढेच.

डोंगर, झरे आणि पोट

मगरिबच्या तासभर आधी 'झुता ताबिया', म्हणजे पिवळ्या बुरुजावर जावे. चढ आहे, टॅक्सी करावी. वाटेत कोवाचीचे कब्रस्तान लागते. उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा, त्यात स्वतंत्र बॉस्नियाचे पहिले अध्यक्ष अलिया इझेतबेगोविच यांची साधी कबर. फातेहा पढून पुढे जावे. बुरुजावरून सारे शहर ओंजळीत दिसते आणि अजान एकामागून एक, वेगवेगळ्या महालांतून वर येते. रमजानमध्ये इफ्तारची तोफ इथूनच डागतात. कुटुंबे डबे आणि सुती पिशव्या घेऊन गवतावर बसतात, तोफ झाली की खाली मनारांवर कंदील लागतात. त्या महिन्यात बेकऱ्यांपुढे रांगा असतात त्या कलौंजी लावलेल्या गरम सोमुनसाठी. सोमुन म्हणजे आपल्या नानसारखी पोकळ, मऊ रोटी. सुट्टी जमत असेल तर रमजानातच जा, असे मी सांगेन. दिवस शांत आणि रात्री जाग्या.

मुलांसाठी ट्रेबेविचचा रोपवे आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेला हा रोपवे २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटांच्या आत शहरातून देवदाराच्या जंगलात पोहोचतो. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकची बॉबस्लेची वळणदार सिमेंटची पन्हळ आहे, रंगीबेरंगी चित्रांनी भरलेली. मुले तिच्यावरून तासभर चालतात. हीच जागा वेढ्यात आघाडीवर होती, म्हणून आखलेल्या वाटा सोडून रानात घुसू नये.

पाय थकले की एक दिवस इलिजाला. बाजारातून ट्राम निघते ती शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथून घोडागाडी करायची. चिनार आणि चेस्टनटच्या झाडांमधून तीनेक किलोमीटरचा सरळ रस्ता 'व्रेलो बोस्ने'ला जातो. ज्या नदीवरून देशाला नाव मिळाले ती बोस्ना नदी इथे डोंगराच्या पायथ्यातून एकदम, भरभरून उगवते. लहान पूल, हंस, बर्फासारखे पाणी. अम्मींना चालायचे पडत नाही. डबा न्यावा, दस्तरखान घालावे आणि झोपही काढावी.

आता पोट. इथल्या 'चेवापी' म्हणजे गोमांसाच्या किंवा मेंढीच्या मांसाच्या बोटभर कबाब. पाच किंवा दहाच्या हिशेबाने, सोमुनमध्ये, चिरलेल्या कांद्याबरोबर मिळतात. मसाला जवळजवळ नाहीच. चटणीची बाटली बॅगेत असेल तर लपवून ठेवा आणि पहिले दोन दिवस तशाच खा. बरोबर ताक नव्हे, घट्ट दही प्यायला देतात. सकाळी 'बुरेक'. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला खिमा, तव्यासारख्या मोठ्या थाळ्यात भाजून वजनावर विकतात. पालकाची वा बटाट्याची तीच गोष्ट मागताना मात्र बुरेक म्हणू नये. बुरेक फक्त खिम्याचा, बाकीच्या 'पिता', यावर सारायेव्होकर वाद घालायला तयार असतात. गोडात 'तुफाहिया', अक्रोड भरून शिजवलेले सफरचंद. हे नाव अरबी तुफ्फाह, म्हणजे सफरचंदावरून आले. बाश्चार्शियातल्या पुष्कळ चेवापीवाल्यांकडे दारू मिळत नाही. पण सगळे शहर हलाल समजून चालू नये. नव्या भागात विचारूनच मागवावे. विचारल्याचा राग कुणाला येत नाही.

एखाद्या रात्री सेवदालिंका ऐकावी. जुन्या बॉस्नियन मुस्लिम घरांतली ही विरहाची गाणी. 'सेवदाह' हा शब्द अरबी 'सौदा'चा, जो आपल्या उर्दू शायर मिर्झा सौदांनी तखल्लुस म्हणून घेतला होता. अर्थ समजला नाही तरी सूर ओळखीचे लागतात.

थोडे व्यवहाराचे. बॉस्निया युरोपियन युनियनमध्ये किंवा शेंगेनमध्ये नाही. व्हिसाचे नियम वेगळे आहेत आणि बदलतात, म्हणून एजंटच्या शब्दावर न जाता वकिलातीकडून खात्री करावी. विमान इस्तंबूल किंवा आखाती शहरांमार्गे. चलन 'कन्व्हर्टिबल मार्क', एका युरोला साधारण दोन. पश्चिम युरोपच्या मानाने राहणे-खाणे खूप स्वस्त, आणि चार दिवस राहण्याचे धाडस त्यामुळेच परवडते. मे, जून आणि सप्टेंबर चांगले. हिवाळ्यात बर्फ सुंदर, पण खोऱ्यात धूर कोंडतो, दम्याच्या माणसाने टाळावे.

खरेदी शेवटच्या दिवशी, कझांजिलुक या तांबटांच्या गल्लीत. ठोक्यांचा आवाज नाशिक-पुण्याच्या जुन्या तांबट आळीसारखाच. युद्धातल्या गोळ्यांच्या पुंगळ्यांची पेने आणि फुलदाण्याही तिथे विकायला असतात. मला घ्यावीशी वाटली नाहीत, कुणाला वाटतील. जेझ्वा मात्र घ्यावा. पाहताना आतून बोट फिरवावे. कल्हई असेल तर तो वापरायचा, नसेल तर भिंतीवर टांगायचा. हातोडीचे ठसे एकसारखे नसले तर हाताने घडवलेला. दोन पेल्यांचा पुरतो, मोठा घेतला तर फेस नीट चढत नाही. कॉफीची पूडही तिथूनच आणावी, कारण आपल्याकडची पूड त्यासाठी फार जाडी पडते. घरी कल्हई उडाली तर कल्हईवाला शोधावा लागेल, आणि तो हल्ली सारायेव्होपेक्षा आपल्याच गावात अवघड झाला आहे.